पाणी ‘मर्यादेत’, तरी ओढा आजारी कसा?

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. घरामागच्या ओढ्यात पंधरा वर्षांपूर्वी मासे होते, खेकडे होते, दगडांवर चतुर बसायचे. आता दगडांना केसांसारखं लांब हिरवं शेवाळ, पाणी आटत आलं की कुबट वास, उरलेसुरले मासे तेवढे डोहात. गेल्या वर्षी पहिला जोराचा पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातलेही काही पांढरी पोटं वर करून तरंगत होते. वरच्या अंगाला शेती आणि एक मोठा गोठा आहे. तुम्ही पाणी तपासून घेतलं, तर अहवालात नायट्रेट लिटरला 22 मिलिग्रॅम आणि पुढे शेरा: मर्यादेत. मग दोष शेतीला द्यायचा का, आणि शेजाऱ्याशी बोलायचं तर कशाच्या जोरावर, असा तुमचा प्रश्न आहे.

ओढे तपासण्याच्या कामात माझी वीसेक वर्षं गेली. त्यातली निम्मी हातात जाळी घेऊन गुडघाभर पाण्यात, आणि निम्मी बांधावर बसून शेतकऱ्यांशी बोलण्यात. त्या अनुभवावरून आधी एक सांगतो. अहवाल खोटा नाही, पण तुम्ही जे विचारलंत त्याचं उत्तर त्यात नाही.

ती मर्यादा माणसाच्या पिण्यासाठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात नायट्रेटसाठी लिटरला 50 मिलिग्रॅम ही मर्यादा ठेवली आहे, आणि ती मुख्यतः तान्ह्या बाळांना धरून: नायट्रेट जास्त झालं की त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते. ओढ्यातल्या अळीला काय सोसतं याचा त्या आकड्याशी काही संबंध नाही. तुमचे 22 मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे नायट्रोजन म्हणून मोजलं तर सुमारे 5. (काही प्रयोगशाळा एका पद्धतीने लिहितात, काही दुसऱ्या. दोन अहवालांची तुलना करताना एकक बघा, यात भलेभले फसतात.) हात न लागलेल्या जंगलातल्या ओढ्यात हाच आकडा बहुधा 1 च्याही खाली असतो. म्हणजे पिणाऱ्याच्या दृष्टीने पाणी ठीक, ओढ्याच्या दृष्टीने त्यात पाचपट खुराक. शिवाय शेवाळाला ज्याची खरी ओढ असते तो फॉस्फरस तुमच्या अहवालात नाहीच. तो लिटरला 0.1 मिलिग्रॅमच्या आसपास गेला तरी शेवाळाला पुरून उरतो, आणि साध्या पाणी-तपासणीत तो बहुधा मोजलाच जात नाही.

दुसरी गोष्ट, तुम्ही बाटली कधी भरलीत? लिहिलं नाहीत, पण बहुतेक जण कोरड्या दिवशी, सकाळी दहा-अकराला, पाणी नितळ असताना भरतात. ओढ्याचे हाल होतात पहाटे चार-पाचला आणि पावसाच्या पहिल्या दोन तासांत. त्या वेळी बाटली घेऊन कोणी काठावर नसतं.

म्हणून ‘शेती दोषी आहे का’ हा प्रश्न मी जरा बाजूला ठेवतो. शेतातून ओढ्यात नेमकं काय येतंय, कोणत्या वाटेने येतंय आणि कधी, हे शोधायचं. शेती पाचशे पावलांवर असून ओढा ठणठणीत असलेला मी पाहिला आहे, आणि एकाच गोठ्याच्या एका चराने मैलभर ओढा मारलेलाही पाहिला आहे. किती एकर शेती आहे यावर फारसं ठरत नाही. ती ओढ्याला कशी जोडलेली आहे, यावर ठरतं.

तुमच्या ओढ्याचं नक्की काय झालंय हे न बघता मी सांगू शकणार नाही. उतार किती, माती चिकण की रेताड, जमिनीखाली निचऱ्याचे पाइप टाकलेत का, वरच्या अंगाला वस्ती आहे का आणि तिचं सांडपाणी कुठे जातं, विहिरींचा उपसा किती, यावर उत्तर बदलतं. पण तुम्ही दिलेल्या खुणा बोलक्या आहेत. एकेक घेऊ.

लांब हिरवं शेवाळ म्हणजे खत आणि ऊन दोन्ही मुबलक. लोक खताकडे बघतात, उन्हाकडे नाही. काठावरची झाडं कधी तुटली ते आठवून बघा. लहान ओढ्यावर झाडांचं छत असेल तर खत जास्त असूनही शेवाळाला उजेड मिळत नाही. छत गेलं की तेच पाणी हिरवं होतं. छताबरोबर पानगळही जाते, आणि उगमाजवळच्या छोट्या ओढ्यात सगळ्या जिवांचा मुख्य आहार पाण्यात पडलेली पानं हाच असतो. रॉबिन व्हॅनोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 मध्ये उगमापासून मुखापर्यंत नदीची अन्नसाखळी कशी बदलत जाते याची जी मांडणी केली, तिचा पायाच हा आहे: वरचा ओढा झाडांवर जगतो, मधली रुंद नदी उन्हावर. काठ उघडा पडला की छोट्या ओढ्याला भलत्याच वयात उन्हावर जगायला लागतं.

आता पहाटेचं. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, दुपारी तर पाण्यात तो गरजेपेक्षा जास्त होतो. रात्री प्रकाश नाही, पण श्वास चालूच. शेवाळ, त्याखालचे जिवाणू, मासे, सगळे एकाच साठ्यातून ओढतात आणि सूर्य उगवायच्या आधी तळ गाठतात. त्यात पाणी गरम असेल तर साठाच मुळात कमी: 20 अंश सेल्सिअसला पाण्यात लिटरला जेमतेम 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशाला साडेसात. 5 च्या खाली गेला की बहुतेक मासे अस्वस्थ होतात, 2-3 पर्यंत उतरला की मरायला लागतात. दुपारी मीटर धरलात तर 10 दाखवेल आणि तुम्ही खूश होऊन घरी जाल.

याच दुपारी आणखी एक उद्योग चालतो. शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे पाण्याचा सामू (पीएच) चढतो. सामू 7 वरून 8 वर गेला की पाण्यातल्या अमोनियाचा विषारी भाग सुमारे दहापट होतो. म्हणजे गोठ्यातून किंवा युरियातून आलेला जो अमोनिया सकाळी माशाला फारसा जाणवला नसता, तोच दुपारी त्याच्या कल्ल्यांना झोंबतो. दोन वेगवेगळे दोष एकमेकांना हात देतात. एकाच आकड्याचा अहवाल इथे तोकडा पडतो.

पहिल्या पावसानंतरचे मेलेले मासे ही मला तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची खूण वाटते. कोरड्या दिवसांत गोठ्याच्या अंगणात, उकिरड्याच्या पायथ्याशी, जनावरांच्या वाटेवर जे साठतं ते पहिल्या सपाट्यात ओढ्यात उतरतं, आणि त्या वेळी ओढ्यात ते पातळ करायला पाणी कमी असतं. हे किती जड जातं ते आकड्यांतच पाहा. सेंद्रिय घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू किती खाईल याचं माप म्हणजे बीओडी. घरगुती कच्च्या सांडपाण्याचा बीओडी लिटरला 300 मिलिग्रॅमच्या आसपास. गोठ्यातल्या शेणमूत्राच्या पातळ रबडीचा 10,000 ते 20,000. मुरघासातून पाझरणाऱ्या पाण्याचा 30,000 ते 80,000. आणि दुधाचा, ऐकून दचकाल, 1,40,000. सांडलेलं किंवा नासलेलं दूध ओढ्यात सोडणं यापेक्षा लवकर मासे मारणारी गोष्ट शेतावर शोधून सापडणार नाही. धुतलेल्या कॅनचं पांढरट पाणी आम्ही सगळे निरुपद्रवी समजतो.

जनावरं स्वतः पाण्यात उतरत असतील तर तो वेगळाच हिशेब. न्यूझीलंडमध्ये शेरी नदीतून 246 गायींचा कळप दूध काढायला जाता-येता पाण्यातून चालत जायचा. अभ्यासकांनी शेणाचे पो मोजले, तेव्हा गायी वाटेवरच्या इतर भागापेक्षा पाण्यात मीटरमागे सुमारे 50 पट जास्त वेळा शेण टाकतात असं दिसलं. पाण्यात पाय पडला की पोट मोकळं होतं, हे गुराख्याला माहीतच असतं. तिथे त्याचा आकडा निघाला एवढंच. उपाय साधा होता, पूल.

मेलेले मासे बघून कारण ओळखायच्या काही खुणा आहेत. प्राणवायू संपून मेले असतील तर आधी मोठे मासे जातात, मरण्याआधी पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकतात, आणि हे बहुधा पहाटे घडतं. हवेतून श्वास घेणाऱ्या गोगलगायी, पाणकिडे वाचलेले असतात. कीटकनाशक असेल तर लहान-मोठे मासे एकदमच मरतात, वळवळत, वेड्यावाकड्या उड्या मारत. आणि दगडाखालचे किडेही मेलेले सापडतात, किंबहुना किडे आधी. तुम्ही सकाळी पाहिलेत, मोठे मेले होते की छोटे, ते आठवलं तर बरंच कळेल.

आता माती. मला विचाराल तर ओढ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान मातीने केलंय, आणि तिच्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं, कारण गढूळ पाणी बघायची आपल्याला सवय आहे. एक साधं गणित करा. एक हेक्टर शेतातून फक्त एक मिलिमीटर माती गेली, डोळ्याला कळणारसुद्धा नाही, तर ती होते 10 घनमीटर, म्हणजे साधारण 13 टन. त्या मातीत फॉस्फरस 0.05 टक्के धरला तर साडेसहा किलो. हे साडेसहा किलो साडेसहा कोटी लिटर पाण्याला लिटरमागे 0.1 मिलिग्रॅमपर्यंत न्यायला पुरतात. सगळाच काही शेवाळाच्या हाती लागत नाही, बराचसा मातीच्या कणांना घट्ट धरून असतो, पण तळाशी बसलेला गाळ पुढे वर्षानुवर्षं तो थोडा थोडा सोडत राहतो. आणि वाहून जातात ते कण बारीक असतात, म्हणजे शेतातला सगळ्यात कसदार भाग. नुकसान दोघांचंही. शेतकऱ्याशी बोलताना ही बाजू मला नेहमी उपयोगी पडते.

मातीने ओढ्याचं काय होतं ते बघायचं तर हात घालावा लागतो. पाणी जिथे दगडांवरून खळाळत जातं तिथे मुठीएवढा दगड उचला. निरोगी ओढ्यात तो सहज निघतो, खाली पोकळी असते, दगडाची खालची बाजू जिवंत असते: चपट्या, पळणाऱ्या अळ्या, शेपटीला तीन केस आणि पोटाच्या बाजूंना फडफडणारे कल्ले असलेल्या त्या मेफ्लायच्या, दोन शेपट्यांच्या स्टोनफ्लायच्या, वाळूचे कण चिकटवून नळीचं घर करणाऱ्या कॅडिसफ्लायच्या. आजारी ओढ्यात दगड गाळात निम्मा रुतलेला असतो, उचलताना चुप्प असा आवाज येतो, पाण्यात तपकिरी ढग उठतो, आणि खालची बाजू काळी, वासाची. तिथे सापडतात लाल, बारीक, आकड्यासारख्या वळणाऱ्या अळ्या. त्यांचा तांबडा रंग आपल्या रक्तातल्यासारख्याच हिमोग्लोबिनचा, म्हणून प्राणवायू जवळजवळ नसलेल्या चिखलातही त्या तगतात. मी नवीन ओढ्यावर गेलो की मीटर नंतर काढतो, आधी दहा दगड उलटतो. बाटलीत त्या क्षणाचं पाणी असतं. दगडाखालची अळी तिथे महिनोन्‌महिने राहिलेली असते, मधल्या रात्रींत काय घडलं ते तिने सोसलेलं असतं.

नायट्रेटची वाट मात्र पूर्ण वेगळी आहे, आणि इथे मी स्वतः तोंडावर आपटलो आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका ओढ्याच्या दोन्ही काठांना मी गवताचा आणि झुडपांचा पट्टा लावून घेतला. शेतकऱ्याने जमीन सोडली, मेहनत केली, पट्टा छान वाढला. गढूळपणा कमी झाला. नायट्रेट तसूभर हललं नाही. दोन वर्षांनी, पाणी उतरलेलं असताना, काठाच्या पोटात मला पाइपचं तोंड दिसलं. आधीच्या मालकाने जमीन चिबड म्हणून खाली निचऱ्याच्या नळ्या टाकल्या होत्या आणि आताच्या मालकालाही त्या पुरत्या माहीत नव्हत्या. पिकाच्या मुळाखालून निसटलेलं नायट्रेट माझ्या पट्ट्याखालून, थेट नळाने, ओढ्यात पडत होतं. मी वरून येणाऱ्या पाण्यासाठी दार बांधलं होतं, ते तळघरातून ये-जा करत होतं. तेव्हापासून मी पट्ट्याची शिफारस करायच्या आधी काठ पायाखाली घालतो, पाणी कमी असताना, दोन्ही बाजूंनी.

नायट्रेट पाण्यात पूर्ण विरघळतं, मातीला चिकटत नाही. जगभरचा ढोबळ हिशेब असा की शेतात टाकलेल्या नायट्रोजनपैकी साधारण निम्माच पिकाच्या उपयोगी पडतो. उरलेल्यातला काही हवेत जातो, काही जमिनीत थांबतो, काही पावसाबरोबर खाली भूजलात उतरतो आणि तिथून हळूहळू ओढ्याकडे सरकतो. हा प्रवास काही ठिकाणी महिन्यांचा, काही ठिकाणी दशकांचा असतो. तुमच्या ओढ्यात आज जे नायट्रेट आहे ते कदाचित मागच्या पिढीने टाकलेल्या खताचं असेल. शेजाऱ्याने आज खत निम्मं केलं तरी पुढच्या वर्षी आकडा उतरेल, असं त्याला सांगू नका. उतरला नाही की तो तुमच्यावरही विश्वास ठेवणार नाही आणि ओढ्यावरही.

काठाची जमीन ओलसर, काळी, मुळांनी भरलेली असेल आणि भूजल तिच्यातून उथळपणे जात असेल तर तिथले जिवाणू नायट्रेटचा वायू करून हवेत सोडून देतात. फुकटचं शुद्धीकरण. ओढा यंत्राने खरवडून खोल आणि सरळ केला की हीच ओल खाली उतरते, काठ कोरडा पडतो आणि जिवाणूंचं काम थांबतं. ‘पाणी लवकर निघून जावं’ म्हणून ओढा सरळ करणाऱ्यांचा मला राग येत नाही, त्यांच्या शेतात पाणी तुंबतं हे खरंच आहे. पण वळणं, डोह, खळाळ हे सगळं एका दिवसात जातं आणि परत यायला फार वर्षं लागतात.

कीटकनाशकांबद्दल थोडक्यात, कारण तपासणी महाग आणि निष्कर्ष अवघड. पायरेथ्रॉइड गटातली औषधं मातीला चिकटून गाळाबरोबर येतात आणि तळाच्या किड्यांना अतिशय कमी मात्रेत मारतात. निओनिकोटिनॉइड पाण्यात विरघळून येतात. फवारणीनंतर लगेच पाऊस, काठावरच पंप धुणं, ओढ्यात टाकी भरणं, या तीन गोष्टींवर लक्ष ठेवलंत तरी निम्मं काम होतं. पंप धुतलेलं बादलीभर पाणी, अख्ख्या शेतातून वर्षभरात झिरपणाऱ्या औषधापेक्षा ओढ्याला जड जाऊ शकतं.

उपशाबद्दल मात्र थोडक्यात बोलून चालत नाही. आपण घाणीचा विचार करतो, पाण्याचा करत नाही. ओढ्याच्या आसपासच्या विहिरी आणि बोअर उन्हाळ्यात जोरात चालतात तेव्हा त्या ओढ्याला पोसणारंच भूजल ओढत असतात. प्रवाह निम्मा झाला की तेवढ्याच सांडपाण्याची तीव्रता दुप्पट, पाणी उथळ म्हणून जास्त तापलेलं, वाहणं मंद म्हणून हवा कमी मिसळलेली. शेतातून येणारी घाण वाढलेली नसतानाही ओढा बिघडलेला मी पाहिला आहे, निव्वळ वाहतं पाणी घटल्यामुळे. पंधरा वर्षांत तुमच्या ओढ्याचं उन्हाळ्यातलं पाणी किती उतरलं, हे जुन्या माणसांना विचारा.

इथवरचं एका दमात: गाळ आणि त्याला चिकटलेला फॉस्फरस जमिनीच्या वरून, पावसाच्या जोरावर येतो. नायट्रेट जमिनीखालून, सावकाश, बारमाही. गोठ्याची घाण थेट, ठरावीक जागेतून. आणि ऊन, उपसा, सरळ केलेला काठ या तिन्हींमुळे ओढ्याची सोसायची ताकद कमी होते.

यातूनच शेती की वस्ती, हे ओळखायचं एक जुनं आणि बऱ्यापैकी भरवशाचं तंत्र निघतं. पाणी कमी असताना फॉस्फरस आणि अमोनिया जास्त, आणि पाऊस पडून प्रवाह वाढला की कमी, असं असेल तर कुठून तरी रोज ठरावीक घाण येते आहे: घरांचं सांडपाणी, शोषखड्डा, गोठ्याची नाली. प्रवाह वाढेल तसा फॉस्फरस आणि गढूळपणाही वाढत असेल तर तो शेताच्या अंगावरून येतो आहे. तुमच्या वर्णनात दोन्हींच्या खुणा आहेत. उन्हाळ्यातला वास पहिल्या गटाचा. म्हणून शेजाऱ्याकडे जायच्या आधी स्वतःच्या घराचा शोषखड्डा कुठे पाझरतो तेही बघा. हसू नका, मी दोनदा असं पाहिलंय की तक्रार करणाऱ्याचीच नळी ओढ्यात होती.

पुढचं काम पैशाचं कमी आणि भिजायचं जास्त आहे. जोराचा पाऊस सुरू झाला की छत्री घेऊन बाहेर पडा आणि ओढ्याच्या काठाने वर चालत जा. पाणी शेतातून पसरून येत नाही, ते वाटा धरतं: बैलगाडीची चाकोरी, फाटकाजवळची तुडवलेली जमीन, बांधाला पडलेलं खिंडार, रस्त्याकडेचा चर. जिथे तपकिरी पाणी ओढ्याला मिळतं तिथे फोटो काढा, वेळ लिहा, आणि ते पाणी कुठून आलं तिथपर्यंत उलटं चालत जा. दोन मोठ्या पावसांत तुमच्याकडे असा नकाशा तयार होईल की कुठल्याही प्रयोगशाळेला तो देता येणार नाही. वर्षभरातला बहुतेक गाळ मोजक्याच पावसांत आणि थोड्याच जागेतून येतो, हे मी जवळजवळ प्रत्येक ओढ्यावर पाहिलं आहे. ही चांगली बातमी आहे, कारण दहा एकरांवर काही करायला लागत नाही, दहा मीटरचं खिंडार बुजवावं लागतं.

तपासणी करायचीच असेल तर एक बाटली नको, जोडी घ्या: संशयाच्या जागेच्या वर एक आणि खाली एक, दहा मिनिटांच्या आत. एक जोडी कोरड्या दिवसात, एक पावसाच्या पहिल्या तासा-दोन तासांत. मोजायला सांगा एकूण फॉस्फरस, अमोनिया, नायट्रेट, गाळ. वरच्या-खालच्यातला फरक महत्त्वाचा, सुटा आकडा नाही. आणि एकदा तरी पहाटे उठून प्राणवायू मोजा, मीटर भाड्याने किंवा उसना मिळाला तर.

शेजाऱ्याला काय सुचवायचं, तर माझा क्रम असा. आधी गोठ्याचं स्वच्छ पाणी आणि घाण पाणी वेगळं करणं: छपरावरचं पावसाचं पाणी पन्हळीने बाजूला काढलं तर अंगण धुऊन ओढ्यात जाणारं पाणीच निम्म्यावर येतं. हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि सगळ्यात कमी केला जातो. मग जनावरांना पाण्यात न उतरता पाणी पिता येईल अशी सोय, काठावर कुंपण. मग पाण्याच्या वाटा मोडणं: खिंडार बुजवणं, फाटक उताराच्या तळातून वर हलवणं, नांगरट उताराला आडवी. शेणखत आणि रासायनिक खत मोठा पाऊस तोंडावर असताना न टाकणं.

शेणखताबद्दल एक बारकावा, जो चांगल्या शेतकऱ्यांच्याही लक्षात येत नाही. पिकाची नायट्रोजनची गरज पुरी होईल इतकं शेणखत दरवर्षी टाकलं तर फॉस्फरस गरजेपेक्षा जास्त पडतो, कारण शेणात या दोघांचं प्रमाण पिकाच्या मागणीसारखं नसतं. पंधरा-वीस वर्षांत माती फॉस्फरसने तुडुंब होते आणि मग माती न वाहता नुसतं पाणी वाहिलं तरी तो विरघळून येतो. युरोपीय संघाने 1991 च्या नायट्रेट निर्देशात संवेदनशील भागांसाठी शेणखताच्या नायट्रोजनला वर्षाला हेक्टरी 170 किलोची मर्यादा घातली, पण फॉस्फरसला अशी संघभर एकच मर्यादा त्यात नव्हती. म्हणून माती तपासून घ्यायला सांगा. फॉस्फरस भरपूर निघाला तर पिशवीतला फॉस्फरस विकत घेणं बंद करता येईल, शेजाऱ्याचे पैसेही वाचतील.

काठाचा हिरवा पट्टा मी मुद्दाम शेवटी ठेवतो, कारण सगळे त्यानेच सुरुवात करतात. तो उपयोगी आहेच. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने 2015 मध्ये सार्वजनिक जलप्रवाहांच्या काठाने सरासरी 50 फुटांचा पट्टा कायद्याने सक्तीचा केला. दाट गवताचा पाच-दहा मीटर पट्टा पसरून येणाऱ्या पाण्यातला जाडा गाळ चांगला अडवतो. पण पाणी एका चरातून येत असेल तर ते पट्ट्यातून गोळीसारखं पार होतं, आणि पाइप असेल तर काय होतं ते वर सांगितलंच. झाडं लावायचीच, सावलीसाठी आणि पानांसाठी. त्याला दुसरा पर्याय नाही.

उपाय एकमेकांच्या पायात पाय घालतात, हेही ध्यानात असू द्या. अमेरिकेतल्या ईरी सरोवराच्या पाणलोटात नांगरट कमी करून मातीची धूप आटोक्यात आणली गेली, मातीला चिकटून येणारा फॉस्फरस घटला. पण 1990 च्या दशकाच्या मध्यापासून विरघळलेला फॉस्फरस वाढत गेला. न मिसळता वरच राहिलेलं खत आणि जमिनीखालचे निचऱ्याचे पाइप ही त्याची कारणं सांगितली जातात. ऑगस्ट 2014 मध्ये त्या सरोवरातल्या विषारी शेवाळामुळे टोलेडो शहराच्या नळांचं पाणी पिऊ नका असा आदेश निघाला आणि चारएक लाख लोक दोन-तीन दिवस बाटल्यांवर होते. तेही पाणी शेवटी अशाच लहानलहान ओढ्यांतून आलेलं.

सुधारणा कधी दिसेल, हे शेजारी विचारेलच. गोठ्याची नाली बंद केलीत तर वास काही आठवड्यांत जातो. गाळ येणं थांबलं तर दोन-तीन चांगले पूर खळाळातले दगड धुऊन काढतात. किडे त्यानंतर, वरच्या अंगाला निरोगी धारा शिल्लक असेल तर पाण्याबरोबर वाहत आणि उडतही येतात. नसेल तर वाट बघावी लागते. सावलीला पाच ते दहा वर्षं. नायट्रेटचं सांगितलंच.

बोलायला जाताना अहवाल घेऊन जाऊ नका. आकडा दाखवला की माणूस आकड्याशी भांडतो. पुढचा मोठा पाऊस येईल तेव्हा शेजाऱ्याला सोबत घ्या, एक जाडा पारदर्शक ग्लास घ्या, आणि त्याच्या शेतातून तुमच्याकडे येणारं पाणी त्यालाच भरू द्या. घरी आणून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी बोटभर जे बसेल ते त्याच्या शेतातलं असेल, आणि ते त्याला तुमच्यापेक्षा लवकर ओळखू येईल.